ऐच्छिक

फोनच्या पडद्यावर शब्द उमटला, 'ऐच्छिक'. पौर्णिमानं तो दोनदा वाचला, ओढणीला चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. म्हणजे आईनं हे मुद्दाम केलं होतं.

समोर निकमवहिनी हात आडवे करून उभ्या होत्या. लेकीच्या लग्नाचे सात ब्लाउज होते आणि माप दंडापर्यंत आलं होतं. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी दाराची दोरी ओढली, आत आल्या, खिडकीखालच्या कॉटकडं बघत "काय मावशी, बरं आहे का?" म्हणाल्या, आणि तेवढ्यात कॉटखाली फरशीवर टपटप सुरू झालं. वहिनींनी दिसलंच नाही असं दाखवलं खरं, पण पदर नाकाशी गेलाच.

"मी उद्या येते हं, आज जरा घाई आहे," त्या म्हणाल्या. उद्या त्या दुसरीकडं जाणार हे दोघींनाही कळलं होतं.

दार लागलं तशी पौर्णिमा कॉटपाशी गेली. "आई, का केलंस असं?"

मालन शेवाळे, वय वर्षं सत्याहत्तर, लेकीकडं बघून हसल्या. एखादं काम वेळेत उरकलं की माणूस हसतं तसं ते हसू होतं.

"थांबली न्हवं," त्या म्हणाल्या.

"कोण थांबली?"

"आगं, थांबली की!"

पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फडकं आणलं आणि फरशी पुसली.

आता ही मालनबाई कोण, ते सांगायला हवं. कराड डेपोतली जुनी कंडक्टर. नवरा अवेळी गेला, पदरात चार वर्षांची पोर, आणि बाई खाकी चढवून गाडीत उभी राहिली ती सव्वीस वर्षं उभीच होती. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी भंगारात निघालेल्या गाडीची घंटा सोडवून आणली आणि हार घालून तिच्या हातात दिली. पौर्णिमानं ती हौसेनं घराच्या चौकटीवर बसवून घेतली, दोरी बाहेर सोडली. आळीत अजूनही पत्ता सांगताना लोक 'एसटीच्या घंटेचं घर' म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी बाई विसरायला लागली. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग जावयाचं नाव, मग जावई घर सोडून गेला ती हकीकतच. एवढं झालं आणि कपडे ओले व्हायला लागले.

त्यानंतरची दोन वर्षं पौर्णिमाची कशी गेली ते तिचं तिला माहीत. दर दोन तासांनी आईला उठवून संडासात न्यायचं. गादीवर रबरी शीट, शीटवर जुन्या साडीची चौघडी, चौघडीवर आई. डायपर बांधला की मालनबाई तो ओरबाडून काढायची, "मला काय तान्ही समजलीस का?" म्हणून भांडायची. जांघेत लाल चट्टे उठले, ते पुसून कोरडे करायचे, मलम लावायचं. दिवसाला चार गोधड्या वाळत घालायच्या. कितीही फिनेल ओता, वास काही भिंती सोडत नव्हता. या सगळ्यात शिवणकाम. त्या काळात शरीराचं माप घेणारी यंत्रं बाजारात पैशाला पासरी झाली होती, पण त्यांच्या मापानं शिवलेला ब्लाउज काखेत हटकून काचायचा, म्हणून बायका अजून पौर्णिमाच्या टेपकडं यायच्या. तेवढंच घर चालवायला होतं. ते बुडालं तर आईला वृद्धांच्या केंद्रात टाकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गावात पोरं कमी आणि म्हातारी माणसं जास्त झाली होती. बंद पडलेल्या शाळेतच ते केंद्र भरायचं आणि तिथं एका खोलीत बारा कॉटा होत्या. पौर्णिमा एकदा बघून आली आणि दोन दिवस जेवली नाही.

पण या दोन वर्षांत ती आईवर कधी चिडली नव्हती, हे मात्र खरं. 'आजार आहे, तिचा काय दोष?' एवढं एक वाक्य ती मनाशी म्हणायची, आणि त्या वाक्याच्या जोरावर पुढची गोधडी पिळायची.

'जागल्या'नं ते वाक्यच काढून घेतलं.

जागल्या म्हणजे केसाएवढी बारीक तार. कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला निसर्गानंच छिद्रं ठेवलेली असतात, त्यातल्या एकातून ती आत सरकवायची. तिथून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नसा जातात. डॉक्टर समीना मुजावर यांनी कागदावर चित्र काढून पौर्णिमाला समजावलं होतं.

"मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी, आणि तिच्या तोंडाशी एक झडप. पिशवी भरत आली की वर मेंदूकडं वर्दी जाते. मेंदू म्हणतो, थांब, आत्ता नको. सोय झाली की म्हणतो, हं, आता हो मोकळी. वय झालं की तो 'थांब' क्षीण होतो. जागल्या ही सगळी बोलणी ऐकत बसतो. पिशवी आता दम धरणार नाही असं दिसलं की वीस मिनिटं आधी तुमचा फोन वाजतो. तुम्ही त्यांना घेऊन जायचं."

आणि खरंच तसं झालं. पहिल्या आठवड्यात फोन वाजायचा, पौर्णिमा आईला हाताला धरून न्यायची, काम व्हायचं. सोमवारी एकही गोधडी भिजली नाही तेव्हा ती गॅलरीत रिकाम्या दोरीकडं बघत उभी राहिली आणि तिला रडूच आलं.

पण जागल्या वर्दी देऊन थांबत नव्हता, नोंदही करायचा. आपण होऊन जातो तेव्हा आधी झडप सैल पडते आणि मग पिशवी आवळते. नकळत होतं तेव्हा उलटं घडतं. पिशवी आधी आवळते, झडप बिचारी शेवटपर्यंत धरून ठेवायला बघते आणि हरते. कोण आधी हललं हे तारेला लख्ख कळायचं. पहिल्याला ती 'ऐच्छिक' म्हणायची, दुसऱ्याला 'अनैच्छिक'. यात तिची चूक कधी व्हायची नाही.

निकमवहिनी गेल्या त्या दुपारी पौर्णिमानं मापांची वही काढली आणि फोनमधल्या नोंदींशी ताडून बघायला बसली. तीन आठवड्यांत आई अकरा वेळा कॉटवरच मोकळी झाली होती, आणि अकराच्या अकरा वेळा ते 'ऐच्छिक' होतं. अकराही वेळा घरात गिऱ्हाईक होतं. रविवारी काम बंद असायचं, त्या दिवशी एकदाही नाही. तिनं वही मिटली.

"माझी अब्रू घालवायला बसलीस होय?" ती मोठ्यानं म्हणाली. कॉटवर आई झोपली होती.

डॉक्टर मुजावरांनी नोंदी बघितल्या. बाई शहाणी होती, घाई करणारी नव्हती. "असं व्हायच्या आधी घरात काही घडतं का?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक येतं."

"आणखी काही? नीट आठवून सांगा."

"नाही हो. बाई आत येते आणि ही सोडून देते. मला विचाराल तर माझं काम तिला बघवत नाही. तिला वाटतं मी तिच्याजवळच बसून राहावं."

"काही वृद्ध असं करतात," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक सांगते. हुकूम वरून आला एवढंच यंत्राला कळतं, का आला ते कळत नाही."

पौर्णिमाला त्या घडीला 'का' नको होतं. दोन वर्षं धुतलेल्या गोधड्या तिच्या डोळ्यांपुढं येत होत्या, आणि आता प्रत्येक गोधडी आईनं ठरवून भिजवल्यासारखी वाटत होती. तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

"याच्यावर काही उपाय आहे का?" तिनं विचारलं.

उपाय होता. तीच तार ऐकायचं सोडून बोलूही शकत होती. बारीकसा प्रवाह सतत सोडला की झडप आवळलेली राहते, मेंदूचा हुकूम तिथपर्यंत पोचतच नाही. मग दिवसातून सहा वेळा, ठरल्या वेळी, पौर्णिमानं फोनवरून कळ दाबायची. दाबली की मोकळं, सोडली की बंद.

"पण हे तीन महिने चालू ठेवावं लागतं, तेव्हा ते बसतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि या वयात वापरात नसलेली वाट बुजते. नंतर आपण हा बंद काढला तरी त्यांचा हुकूम पुन्हा पोचेल याची खात्री नाही. त्यांच्या स्वतःच्या ताब्यात एवढी एक गोष्ट उरली आहे, ताई. विचार करून सही करा."

विचार करायला पौर्णिमा थांबली नाही. अर्जावर पेशंटचीही सही लागत होती. तिनं अर्ज लावलेली पाटी आईच्या मांडीवर ठेवली, पेन हातात दिलं. मालनबाईंनी पाटी लांब धरून बघितली.

"आज कुठली ड्युटी लावली?"

पौर्णिमा क्षणभर घुटमळली. "चिपळूण," ती म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. "काटकर हाय का गाडीवर?"

"हो, काटकरच आहेत."

"मग झ्याक झालं," म्हणत बाईनं झोकात सही ठोकली.

त्यानंतर घर कोरडं झालं. खरंच कोरडं झालं. चट्टे गेले, वास गेला, गॅलरीतल्या दोरीवर नुसत्या ओढण्या वाळायला लागल्या. निकमवहिनी सुनेच्या डोहाळजेवणाच्या ब्लाउजला परत आल्या आणि "घर कसं प्रसन्न वाटतंय" म्हणाल्या. पौर्णिमा दर तीन तासांनी आईच्या अंगाखाली भांडं सरकवायची, फोनवर कळ दाबायची, भांडं भरायचं. त्या वेळी आई छताकडं बघत असायची. आपल्या अंगात काय चाललंय याचा तिला पत्ताच नसायचा.

फक्त एक व्हायचं. गिऱ्हाईक आलं की आई कासावीस व्हायची. कॉटच्या दांड्या धरून उठून बसायची, पाय खाली सोडायची, चेहरा लालबुंद व्हायचा.

"थांबली की गं. मला उतरू दे. लवकर उतरू दे."

"कर आता काय करतेस ते," पौर्णिमा एकदा तिच्या कानाशी म्हणाली. आई तिच्याकडं नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पौर्णिमानं बघितलं आणि मशीन चालू केलं.

हळूहळू तेही थांबलं. दुसरा महिना संपता संपता आई गिऱ्हाइकांकडं बघेनाशी झाली. पाणी प्यायला नाही म्हणायला लागली, "मार्गावर हाय" म्हणून पेला परत करायची. तिसरा महिना लागला तेव्हा पौर्णिमा मनाशी म्हणाली, हट्ट उतरला एकदाचा.

चौथ्या महिन्यात काटकर आले.

हणमंत काटकर, निवृत्त ड्रायव्हर, ऐंशीच्या घरातले. नातवाकडं पुण्याला असायचे, गावी आले होते म्हणून जुन्या सहकारिणीला बघायला आले. त्यांनी दोरी ओढली आणि आत न येता उंबऱ्यातच उभे राहून वर बघायला लागले.

"आरं तिच्या! ही तर आपली घंटा. एकवीस तेहतीस नंबरच्या गाडीची. आवाजच सांगतोय."

"या काका, आत या," पौर्णिमा म्हणाली. "आई, काटकर आलेत बघ."

आईनं बघितलं, ओळखलं नाही. काटकर स्टूल ओढून कॉटजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. पौर्णिमानं चहा आणला. मग घंटेकडं बोट करून म्हणाले, "पोरी, ही घंटा तू दाराला लावलीस, येतंय जातंय ते माणूस वाजवतंय. बाईला काय होत न्हाई?"

"काय व्हायचंय?"

"न्हाई, म्हंजे..." म्हातारा जरा लाजला. "आता तुझ्यापाशी बोलायला काय हरकत न्हाई, माझ्या लेकीसारखी हायस. आमची बारा वर्षं चिपळूण ड्युटी. कराड सोडलं की गाडी खचाखच. पाटणला पाच मिन्टं, कोयनेला पाच मिन्टं, त्यात बाईनं नोंद करून यायचं का पॅशिंजर उतरवायचं? आम्ही बापय काय, कुठं बी उभं ऱ्हातो. बाईमाणसाचं कसं? पयल्याच वर्षी पोटात दुखून बाई दवाखान्यात पडली हुती. मंग आमचं ठरलं. कुंभार्ली घाटात एक वळण हाय, करवंदीच्या जाळ्यांचं. तिथं बाईनं एक बेल मारायची. एक म्हंजे थांब, दोन म्हंजे निघ, हे तुला ठावं असंल. एक बेल आली की मी गाडी कडंला घ्यायचो आन् खाली उतरून टायरला लाथा मारत बसायचो. पॅशिंजरला वाटायचं, डायव्हर हवा बघतोय. बाई जाळीमागं जाऊन यायची. दोन बेल मारायची की आम्ही निघालो. बारा वर्षांत एकाला कळलं न्हाई बघ."

पौर्णिमानं हातातली बशी खाली ठेवली. ती वर घंटेकडं बघायला लागली.

"ती म्हनायची," काटकर हसत पुढं बोलत होते, "काटकर, सकाळपास्नं जीव मुठीत धरून असते, पर ती एक बेल ऐकली की आंग कसं हलकं हुतं. न्हाई व्हय गं मालनबाई?"

आई छताकडं बघत होती.

थांबली न्हवं. थांबली की. मला उतरू दे. पौर्णिमाला एकेक शब्द ऐकू यायला लागला. सगळं विसरलेल्या त्या डोक्यात एक वळण शाबूत राहिलं होतं. गिऱ्हाइकानं दोरी ओढली की गाडी थांबत होती, आणि आई शहाण्यासारखी, ठरल्याप्रमाणे, मोकळी होत होती. रविवारी कुणी दोरी ओढत नव्हतं. ही घंटा पौर्णिमानंच स्वतःच्या हातानं चौकटीवर लावून घेतली होती. आणि डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घडतं का, तेव्हा तिनं 'नाही हो' म्हणून सांगितलं होतं.

"काय झालं पोरी? रडतीस का?" काटकर घाबरून उठले.

"मी तिची गाडीच थांबू दिली नाही हो, काका," ती म्हणाली. काटकरांना त्यातलं काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावर स्वतः घरी आल्या. सगळं ऐकून घेतलं, एका शब्दानं दोष दिला नाही. तेच पौर्णिमाला जास्त लागलं. त्यांनी फोनवरून बंद काढला, आईला पाणी पाजलं आणि तासाभरानं म्हणाल्या, "वाजवा."

पौर्णिमानं दोरी ओढली. एकदा.

आईनं मान वळवली. फोनच्या पडद्यावरची, मेंदूचा हुकूम दाखवणारी रेघ जराशी थरथरली. डॉक्टर वाकून बघत राहिल्या.

"हुकूम येतोय," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी बारीक. पण झडपेपर्यंत पोचत नाहीये. मधली वाट बुजली आहे."

"म्हणजे ती अजून..."

"त्या अजून सांगतायत. खाली कुणी ऐकत नाहीये."

पौर्णिमानं डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. डॉक्टर म्हणाल्या, एक करून बघता येईल. बंद पुन्हा लावायचा, पण दर वेळी आधी एक बेल द्यायची, रेघ हलली की त्याच क्षणी फोनवरची कळ दाबायची. हुकूम आणि मोकळं होणं पुन्हा एकत्र जुळलं तर वाट उघडेलही. चाळीस दिवस करा. आशा फार ठेवू नका.

आशा ठेवू नका म्हणून कुणी थांबतं का? पौर्णिमानं गिऱ्हाइकांसाठी दारावर पाटी लावली, 'दोरी ओढू नये, हाक मारावी'. दिवसातून सहा वेळा ती एका हातात दोरी आणि एका हातात फोन घेऊन उभी राहायची. एक बेल. रेघ हलायची. कळ. भांड्यात आवाज व्हायचा. "आई, करवंदीचं वळण आलं बघ," ती म्हणायची. "काटकर टायर बघतायत. कुणाला दिसत नाही. हो मोकळी." आई कधी तिच्याकडं बघायची, कधी नाही. दहाव्या दिवशी ती "व्हय" म्हणाली, तेव्हा पौर्णिमानं तिच्या सुरकुतलेल्या गालाचा मुका घेतला. विसाव्या दिवशी रेघ बारीक झाली. तिसाव्या दिवशी ती दिसते की नाही हे चष्मा लावून बघावं लागत होतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी उन्हं कॉटवर आली होती. पौर्णिमानं भांडं सरकवलं, दोरी ओढली. एक बेल.

रेघ हललीच नाही.

तिनं पुन्हा ओढली असती, पण मग दोन झाल्या असत्या. ती तशीच थांबली. पिशवी भरली होती, फोन वाजून वाजून सांगत होता, आणि दुखायला लागलं असतं तरी आईला ते कळलं नसतं. शेवटी तिनं कळ दाबली. भांडं भरलं. पडद्यावर नोंद उमटली, 'यंत्राद्वारे'.

"आई," ती म्हणाली, "गाडी थांबलीय गं. उतरायचं नाही का?"

मालनबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मशीन, कापडाचे ढीग, दारातली लेक. निरखून सगळं बघितलं.

"हितं कोण उतरणार न्हाई," त्या म्हणाल्या. "रिकामीच हाय गाडी. जाऊ द्या."

आणि कॉटवर पडल्या पडल्याच त्यांनी उजवा हात वर केला, हवेत दोरी चाचपली आणि दोनदा ओढली.